सैनिकाला सलामी, पण घराचे काय?

दरवर्षी ११ नोव्हेंबरला अमेरिका आपल्या माजी सैनिकांना सलाम ठोकते. मिरवणुका निघतात, बँड वाजतात, पुढारी भाषणे देतात, दुकानदार सवलती जाहीर करतात. पुढे जानेवारीत याच देशात एका रात्री बेघरांची मोजणी होते. जानेवारी २०२४ च्या मोजणीत ३२,८८२ माजी सैनिक बेघर आढळले. त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक जण उघड्यावर होते. कुणी पुलाखाली, कुणी मोटारीत, कुणी तंबूत, कुणी फुटपाथवर. लष्करावर जगात सर्वाधिक पैसा खर्च करणाऱ्या देशाची ही अवस्था आहे.

एवढे सांगून थांबलो तर अमेरिकेला चार शब्द सुनावून मोकळे होता येईल. परंतु या आकड्यामागे दुसरा एक आकडा उभा आहे आणि चळवळीच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. २०१० साली याच मोजणीत बेघर माजी सैनिकांची संख्या ७४ हजारांच्या घरात होती. चौदा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. त्याच काळात अमेरिकेतील एकूण बेघरांची संख्या मात्र वाढली. जानेवारी २०२४ मध्ये ती ७,७१,४८० वर गेली. ही मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक होता. देश तोच, बाजार तोच, घरभाडी तीच. तरीही एका गटाची बेघरी निम्म्याहून कमी होते आणि इतरांची वाढते. असे का?

याचे उत्तर सरळ आहे. माणूस रस्त्यावर येतो तो केवळ व्यसनाने, आळसाने किंवा नशिबाने येत नाही. त्याला रस्त्यावर ठेवायचे की घरात न्यायचे, हे राज्यसंस्था ठरवते. जिथे तिने ठरवले तिथे माणसे घरात गेली. जिथे ठरवले नाही तिथे ती रस्त्यावरच राहिली. कर्मविपाकाच्या सिद्धांताने ज्यांच्या शेकडो पिढ्या गावकुसाबाहेर ठेवल्या, त्यांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेतील सैनिकाला घर द्यायचे की नाही, हा वाद आजचा नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस कबूल केला गेला, पण तो मिळणार होता १९४५ साली. मध्येच महामंदी आली. कामे गेली, घरे गेली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला धडकले आणि अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठच्या मैदानात फळ्या-पत्र्यांच्या झोपड्या उभारून राहिले. त्यांनी एवढेच म्हटले की आमचा पैसा आम्हाला आज द्या. त्या काळचे अमेरिकन सैन्य वर्णभेदाने दुभंगलेले होते, परंतु या झोपड्यांत काळे आणि गोरे सैनिक शेजारी शेजारी राहत होते. २८ जुलै १९३२ रोजी सरकारने जनरल मॅकार्थर यांच्या हाताखाली घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर पाठवला. आपल्याच माजी सैनिकांची वस्ती आपल्याच सैन्याने उधळली आणि ती जाळली गेली. बोनस मिळाला तो पुढे १९३६ साली, तोही कायदेमंडळाने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून दिल्यावर.

या प्रकरणाची धास्ती राज्यकर्त्यांनी घेतली. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक परतणार होते. त्यांनीही राजधानीत तळ ठोकला तर? म्हणून २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जो कायदा मंजूर केला तो ‘जीआय बिल’ म्हणून ओळखला जातो. शिक्षणाचा खर्च, बेकारी भत्ता आणि घरासाठी सरकारी हमीचे कर्ज, अशा तीन सोयी त्यात होत्या. १९४४ ते १९५२ या काळात सुमारे २४ लाख गृहकर्जांना सरकारने हमी दिली. अमेरिकेचा आजचा गोरा मध्यमवर्ग बऱ्याच अंशी या कायद्याने घडवला आहे.

गोरा मध्यमवर्ग, असे मुद्दाम लिहिले आहे. या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीयांनी गणवेश घातला होता. कायद्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता, कागदावर सर्व सैनिक समान होते. पण कर्जाची हमी सरकारची आणि कर्ज देणार बँक. बँक गावातली, अधिकारी गावातले, पूर्वग्रहही गावातलेच. कायद्याचा मसुदा ज्या समितीपुढून गेला तिचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन हे उघड वर्णवर्चस्ववादी होते आणि अंमलबजावणीच्या किल्ल्या स्थानिकांच्या हाती राहतील अशी काळजी घेतली गेली होती. परिणाम काय झाला? १९४७ साली मिसिसिपीतील शहरांची पाहणी झाली तेव्हा घर, धंदा आणि शेतीसाठी दिलेल्या ३,२२९ हमी कर्जांपैकी केवळ दोन कर्जे कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली होती. शेकडा दोन नव्हेत. फक्त दोन!

उत्तरेत तरी वेगळे होते काय? न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभी राहिलेली लेव्हिटटाऊन ही वसाहत माजी सैनिकांसाठीच प्रसिद्ध होती. तिथल्या सुरुवातीच्या करारपत्रांत गोऱ्यांखेरीज कुणाला राहू देता येणार नाही अशी अट होती. म्हणजे जर्मनीत हिटलरशी लढून आलेला काळा सैनिक आपल्या देशात गोऱ्याच्या शेजारी घर घेऊ शकत नव्हता. अशा अटी न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितले. घरांच्या व्यवहारातील वर्णभेदाला बंदी करणारा कायदा व्हायला १९६८ साल उजाडले. तोवर एक पिढी घराविना म्हातारी झाली होती. ज्याला १९४७ साली घर मिळाले त्याची नातवंडे त्या घराच्या किमतीवर शिकली. ज्याला मिळाले नाही त्याची नातवंडे भाड्याच्या खोलीत वाढली. वतन असेच तयार होते, आणि वंचितताही अशीच वारसाहक्काने पुढे जाते.

याहून बारीक सापळा सेवामुक्तीच्या कागदाचा होता. दुसऱ्या महायुद्धात ‘निळा दाखला’ नावाचा प्रकार होता. सन्मानाने मुक्त नाही आणि शिक्षा होऊनही नाही, अशी ही मधली अवस्था. त्यासाठी कोर्ट मार्शल लागत नव्हते, अधिकाऱ्यांचे मत पुरे होते. १९४१ च्या अखेरीपासून १९४५ च्या मध्यापर्यंत असे सुमारे ४८ हजार दाखले दिले गेले. त्यांपैकी सुमारे २२ टक्के कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती पडले. सैन्यात मात्र त्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास होते. निळा कागद हाती आला की जीआय बिलाचे दार बंद आणि नोकरीचेही बंद. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४५ साली या अन्यायाविरुद्ध मोहीम उघडली आणि १९४७ मध्ये हा दाखला बंद झाला. नाव बदलले, पण वाईट शेऱ्याच्या दाखल्याची पद्धत संपली नाही. व्हिएतनामच्या काळातही असे शेरे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला अधिक आले. आजही अमेरिकेच्या माजी सैनिकांत कृष्णवर्णीय आठांत एक असतील. बेघर माजी सैनिकांत ते तिघांत एक आहेत. ही तफावत रस्त्यावर तयार झालेली नाही. ती बँकेत, कचेरीत आणि लष्कराच्या कागदावर तयार झाली आहे.

आता २०१० नंतर संख्या कशी घटली ते पाहू. २००९ साली माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी पाच वर्षांत सैनिकांची बेघरी संपवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ते स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेले निवृत्त जनरल. उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झाले नाही. परंतु पैसा आला, माणसे नेमली गेली, दर वर्षी आकड्यांचा हिशेब मागितला जाऊ लागला. १९९२ पासून लहान प्रमाणावर चाललेली भाडे-व्हाउचरची योजना २००८ पासून मोठी करण्यात आली आणि पुढे एक लाखाहून अधिक व्हाउचर उपलब्ध झाली.

या योजनेचे मर्म तिच्या क्रमात आहे. जुनी रीत अशी की आधी दारू सोड, उपचार घे, नोकरी शोध, शिस्तीने वाग, मग घराचे पाहू. म्हणजे घर हे चांगल्या वर्तणुकीचे बक्षीस! न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी हा क्रम उलटा केला. आधी घर द्या, बाकीचे घरात बसून पाहू. ‘हाउसिंग फर्स्ट’ या नावाने ही पद्धत प्रसिद्ध झाली. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला औषध वेळेवर घेता येत नाही, कागदपत्रे सांभाळता येत नाहीत, मुलाखतीला स्वच्छ कपड्यांत जाता येत नाही, आणि रात्री डोळा लागला तर सामान चोरीला जाते. मग तो सुधारणार कसा? दाराला आतून कडी लावता आली की माणूस प्रथमच उद्याचा विचार करू लागतो.

प्रत्यक्षात हा प्रवास असा होतो. आधी एखादा कार्यकर्ता पुलाखाली जाऊन सैनिकाची गाठ घेतो, आणि एका भेटीत भागत नाही, कारण कचेऱ्यांनी फसवलेला माणूस लगेच विश्वास ठेवत नाही. मग ‘डीडी-२१४’ या सेवामुक्तीच्या दाखल्याचा शोध. तो हरवला असेल तर ओळख पटवण्यापासून सुरुवात. त्यानंतर व्हाउचर. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम भाड्यापोटी द्यायची, उरलेले भाडे सरकार भरते. अनामत रक्कम आणि थकलेली बिले यांसाठी २०११ पासून चाललेली दुसरी योजना हात देते. यानंतर येतो सर्वांत अवघड टप्पा, तो म्हणजे घरमालकाचा होकार. पूर्वी खोली खाली करावी लागलेला, बँकेत पत नसलेला, तुरुंगाची नोंद असलेला भाडेकरू कोण ठेवून घेणार? व्हाउचर हातात असूनही महिनेच्या महिने घर मिळत नाही, मुदत संपते. मंजूर झालेली हजारो व्हाउचर अशी वापराविना पडून राहिली आहेत. आणि घर मिळाले तरी काम संपत नाही. माजी सैनिक खात्याचा कार्यकर्ता पुढेही येत राहतो, डॉक्टरांच्या तारखा, औषधे, भाड्याची पावती पाहतो. हा पाठपुरावा तुटला तर माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात या मार्गाने ४७,९२५ माजी सैनिकांना कायमचा निवारा मिळाल्याचे खात्याने जाहीर केले. प्रत्येक आकड्यामागे ही सर्व पायपीट आहे.

धोरण चांगले असूनही मालमत्ता आड कशी येते, हे लॉस एंजेलिसमध्ये दिसते. तिथे १८८८ साली जखमी, अपंग सैनिकांच्या निवासासाठी जमीन दान करण्यात आली. आज तिच्यापैकी सुमारे ३८८ एकर शिल्लक आहे, भोवती धनिकांची वस्ती. अनेक दशके हजारो सैनिक तिथे राहिले. पुढे वसतिगृहे बंद पडली आणि जमिनीचे तुकडे विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाला, महागड्या खासगी शाळेच्या क्रीडांगणाला भाड्याने गेले. कुंपणाच्या आत चेंडू-फळीचा खेळ आणि कुंपणाबाहेर माजी सैनिकांचे तंबू! २०११ साली खटला झाला, २०१५ साली तडजोडीत १,२०० घरांचा मार्ग ठरला आणि काम रेंगाळले. २०२२ साली सैनिक पुन्हा न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी हे भाडेपट्टे बेकायदा ठरवले आणि १,८०० कायमस्वरूपी व ७५० तात्पुरती घरे बांधण्यास सांगितले. सरकारने अपील केले.

याच खटल्यात एक विचित्र गोष्ट उघड झाली. स्वस्त घरांना उत्पन्नाची कमाल मर्यादा असते आणि युद्धातील अपंगत्वाची भरपाई ‘उत्पन्न’ म्हणून धरली जात होती. म्हणजे जो जास्त अपंग, त्याची भरपाई जास्त, म्हणून तो घराला अपात्र! पाय गमावणाऱ्याला नियमाने सांगितले की तू श्रीमंत आहेस. ऑगस्ट २०२४ मध्ये गृहनिर्माण खात्याने हा नियम बदलला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आणि वृद्धांना असल्या नियमांची ओळख चांगलीच आहे.

आता वारे उलटे वाहू लागले आहेत. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रँट्स पास’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की उघड्यावर झोपणाऱ्यांना शहरे दंड आणि शिक्षा करू शकतात, निवारा उपलब्ध नसला तरीही. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लॉस एंजेलिसच्या त्याच जमिनीवर २०२८ पर्यंत सहा हजार सैनिकांची सोय करण्याचा आदेश काढला. आणि जुलै २०२५ मध्ये दुसरा आदेश काढून ‘आधी घर’ या धोरणाचा सरकारी पाठिंबा काढून घेण्याचे व बेघरांना रस्त्यावरून हटवण्याचे फर्मान सोडले. एका हाताने सैनिकाला घराचे आश्वासन आणि दुसऱ्या हाताने ज्या पद्धतीने सैनिक घरात गेले त्या पद्धतीवरच घाव. बेघराला पकडणारा पोलीस काही आधी सेवामुक्तीचा दाखला मागत नाही.

इथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते. सैनिकालाच घर का? अमेरिकन समाज म्हणतो, त्याने देशासाठी रक्त सांडले म्हणून तो पात्र. ठीक आहे. पण मग हॉटेलात भांडी घासणारी, म्हाताऱ्यांची सेवा करणारी, भाडे थकल्यामुळे मुलांसह मोटारीत झोपणारी बाई अपात्र कशी? पात्र गरीब आणि अपात्र गरीब ही वाटणी दयेची आहे, हक्काची नाही. दया पात्रता तपासते, दाता बदलला की दया आटते. हक्क माणूस असण्यातून येतो. सैनिकांच्या बाबतीत जी पद्धत यशस्वी झाली ती सर्वांच्या बाबतीत यशस्वी होऊ शकते, हे आकड्यांनी दाखवले आहे. न करण्याला आता अज्ञानाची सबब उरलेली नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कथा परकी वाटू नये. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करातले. महार पलटणींतून निवृत्त झालेल्या पेन्शनरांनी दापोलीसारख्या ठिकाणी वस्ती केली, त्यांच्यातूनच गोपाळबाबा वलंगकरांसारखे जागृतीचे अग्रदूत पुढे आले. आणि ज्यांनी इंग्रजांसाठी रक्त सांडले त्यांचीच लष्करभरती १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताखाली बंद करण्यात आली. त्यासाठी वलंगकरांना अर्ज लिहावा लागला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनाही लिहावा लागला. तलवारीने मिळवलेली प्रतिष्ठा गणवेश उतरताच काढून घेता येते, हे आपल्या पूर्वजांनी भोगले आहे.

आणि १९१७ साल आठवा. सुभेदाराचा हा मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाला. पगार होता, हुद्दा होता, परंतु शहरात राहायला खोली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. तेही उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले आणि बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून रडण्याची वेळ आली. खिशात पैसा असताना बाबासाहेब त्या दिवशी बेघर होते. कारण घर पैशाने मिळते हे अर्धसत्य आहे. घर शेजाऱ्याच्या आणि मालकाच्या संमतीनेही मिळते, आणि ती संमती जात पाहते. हा भूतकाळ नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम नावाने चौकशी करणाऱ्यांना नकार, जादा भाडे आणि अटी यांना तोंड द्यावे लागल्याचे त्यात दिसून आले. अमेरिकन सैनिकाच्या हातातले व्हाउचर आणि आपल्या मुलाच्या हातातले नोकरीचे नेमणूकपत्र, दोन्हींची शेवटची परीक्षा घरमालकाच्या दारातच होते.

२०११ च्या जनगणनेत भारतात १७.७ लाख बेघर माणसे नोंदली गेली, त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असे म्हटले, १९९६ साली निवाऱ्यालाही तोच दर्जा दिला. तत्त्व आपल्याकडे अमेरिकेपेक्षा चांगले आहे. नाही ते एवढेच की ठरलेले उद्दिष्ट, त्यासाठी पैसा, दर वर्षी मोजणी आणि जबाब देणारा मंत्री. अमेरिकेने सैनिकांपुरते हे चार केले तर चौदा वर्षांत निम्म्याहून अधिक बेघरी हटली.

तेव्हा चळवळीने निवाऱ्याच्या मागणीत तीन गोष्टी ठामपणे मांडाव्यात. पहिली, घर हे वर्तणुकीचे किंवा देशभक्तीचे बक्षीस नसून नागरिकाचा हक्क आहे. सैनिकाला द्या आणि सैनिकाच्या वस्तीतील सफाई कामगारालाही द्या. दुसरी, कायद्यात जात नाही म्हणून समाधान मानू नये. लाभ प्रत्यक्ष कुणाच्या दारात गेला याचा जातवार हिशेब दर वर्षी मागावा, कारण मिसिसिपीतील ती दोन कर्जे मोजणी झाली म्हणूनच जगाला कळली. तिसरी, भाड्याचे घर नाकारताना जात पाहणाऱ्या मालकाला कायद्याचा धाक बसवावा. आज तो निर्धास्त आहे.

सलामीला पैसे पडत नाहीत. घराला पडतात. राज्यसंस्था कुणाला माणूस मानते, हे तिच्या भाषणांत शोधू नये. तिच्या अंदाजपत्रकात शोधावे.